भूल घेण्याआधी गोळ्यांचा हिशेब द्या

जबलपूरच्या रांझीतून बोलतोय. आमच्याकडे कारखान्यांतले आणि फौजेतले निवृत्त लोक पुष्कळ, आणि घरोघरी गोळ्यांचा डबा. म्हणून आजचा विषय : पूर्ण भूल दिल्यावर हृदयाचं आणि रक्तदाबाचं काय होतं? मी डॉक्टर नाही. विचारून, वाचून जे समजलं ते सांगतो.

मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हाची गोष्ट. १८८८ आणि १८८९ साली हैदराबादेत दोन आयोग बसले. प्रश्न असा, की क्लोरोफॉर्मने माणूस दगावतो तेव्हा आधी श्वास थांबतो की हृदय? सर्जन एडवर्ड लॉरी म्हणायचे, श्वास. नाडीकडे बघत बसू नका. आयोगांचा कौलही तोच. पुढे १९११ साली गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरच्या प्रयोगांत दाखवलं, की हलक्या क्लोरोफॉर्ममध्ये हृदय एकाएकी बंद पडू शकतं. आज श्वास आणि नाडी, दोन्हींवर पहारा असतो.

तो लागतोच. प्रोपोफॉलने रक्तवाहिन्या सैलावतात, दाब उतरतो. घशात नळी घालताना नाडी उसळते. ती आवरायला फेंटानिल. पोटात ओढाताण झाली की नाडी मंदावू शकते, तिथे अ‍ॅट्रोपिन. दाब फार उतरला तर फेनिलेफ्रिन रक्तवाहिन्या आवळतं. केटामाइन बहुधा नाडी आणि दाब चढते ठेवतं, म्हणून रक्त गेलेल्या जखमी जवानासाठी ते कामाचं.

आता या सगळ्यात तुमच्या रोजच्या गोळ्या मिसळतात. आमच्या एका शेजाऱ्यांनी हर्नियाच्या ऑपरेशनआधी मेटोप्रोलॉल स्वतःच बंद केली. ‘रिकाम्या पोटी गोळी कशाला?’ टेबलावर घ्यायच्या आधीच नाडी धावू लागली. ऑपरेशन पुढे ढकललं. ही गोळी एकदम सोडली की दबलेलं हृदय उसळी घेतं; म्हणून ती सहसा त्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात. उलट टेल्मिसार्टन, रामिप्रिलसारख्या गोळ्या पुष्कळदा त्या दिवशी थांबवतात, कारण भुलेत दाब जास्तच कोसळू शकतो. दोन्ही ब्लडप्रेशरच्याच गोळ्या, पण हुकूम उलटे.

म्हणून ठरवणार भूलतज्ज्ञ; आपण किंवा शेजारी नव्हे. आजच कागद घ्या. गोळीचं नाव, मात्रा, वेळ लिहा. आयुर्वेदिक चूर्ण, तंबाखू, दारू, सगळं लिहा, लाजू नका. कोणती घ्यायची, कोणती थांबवायची, हे त्याच कागदावर लिहून मागा. एक प्रत घरच्यांकडे ठेवा. भुलेत असताना तुम्हाला काही विचारता येणार नाही.

जय हिंद.