‘बल्ज’ आणि फुगवटा



‘बल्ज’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ ‘फुगवटा’ असा सांगितला जातो, आणि तो चुकीचा नाही. तथापि त्या एका प्रतिशब्दावर विसंबून विद्यार्थी वाक्ये रचू लागला की पंचाईत होते. मराठीत पुरी फुगते, पावसाळ्यात नदी फुगते, रुसलेले मूलही फुगून बसते. यांपैकी एकाही प्रसंगी इंग्रज मनुष्य ‘बल्ज’ म्हणणार नाही. त्याच्या भाषेत नदीसाठी ‘स्वेल’ आहे, पुरीसाठी ‘पफ’ आहे आणि रुसव्यासाठी तर निराळाच शब्द आहे.

भेद असा, की ‘स्वेल’मध्ये सबंध वस्तू वाढते. ‘बल्ज’मध्ये वस्तू तेवढीच राहते; तिचा एखादा भाग मात्र आतील दाबाने किंवा वरील भाराने बाहेर येतो. दप्तरात पाटी कोंबली की त्याची एक बाजू बाहेर येते, ती ‘बल्ज’. जुनी मातीची भिंत मध्येच बाहेर येते, तेव्हा गवंडी म्हणतो की भिंतीने पोट काढले. तेही ‘बल्ज’च, आणि गवंड्याचा शब्द कोशातील शब्दापेक्षा अधिक नेमका आहे. बायबलात यशया संदेष्ट्याच्या तिसाव्या अध्यायात अधर्माला अशाच पोट काढलेल्या उंच भिंतीची उपमा दिली आहे. ती एका क्षणात कोसळते. जुन्या इंग्रजी भाषांतरात तेथे ‘स्वेल’पासून झालेला शब्द होता, विसाव्या शतकातील भाषांतरकारांनी ‘बल्ज’पासून झालेला घातला, आणि ते योग्यच झाले.

या शब्दाचे कूळ चामड्याच्या पिशवीत सापडते. प्राचीन गॉल लोकांच्या भाषेतील ‘बुल्गा’ म्हणजे चामडी थैली. हा शब्द लॅटिनने उचलला, तेथून तो फ्रेंच भाषेत गेला, आणि फ्रेंचांनी लहान थैलीला दिलेल्या नावापासून ‘बजेट’ हा शब्द निघाला. अर्थमंत्र्यांचे बजेट आणि भिंतीचे पोट ही अशी चुलत भावंडे ठरतात!

भूगोलात व युद्धशास्त्रातही हा शब्द वावरतो. पृथ्वी विषुववृत्ताशी बाहेर आलेली आहे. तेथील तिचा व्यास ध्रुवांमधील व्यासाहून सुमारे ४३ किलोमीटरांनी अधिक भरतो. १६ डिसेंबर १९४४ रोजी जर्मन सैन्याने आर्देनच्या अरण्यात मुसंडी मारली, तेव्हा नकाशावरील आघाडीची रेषा पश्चिमेकडे बाहेर आली आणि त्या रणसंग्रामाला ‘बॅटल ऑफ द बल्ज’ हे नाव मिळाले. याचे ‘फुगवट्याची लढाई’ असे भाषांतर केले तर वाचकाच्या डोळ्यांपुढे तलाव उभा राहील, रणांगण नव्हे.

नकाशावरचा असा उंचवटा मराठी मुलुखाच्या सीमेवरही आहे. मुधोळ म्हटले की अनेकांना कर्नाटकातील घोरपड्यांचे संस्थान आठवते. येथे अभिप्रेत आहे ते बासरच्या सरस्वतीमंदिराजवळचे, पूर्वी आदिलाबाद व २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात असलेले मुधोळ. हैदराबाद संस्थानात हा तालुका नांदेड जिल्ह्यात मोडत असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा नांदेड जिल्हा मुंबई राज्यात गेला. मात्र मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुबेर ही तीन मंडळे त्यातून वगळून आंध्र प्रदेशास दिली गेली. धर्माबाद अलीकडे राहिले, मुधोळ पलीकडे गेले. त्यामुळे आजही नकाशा उघडला की तेलंगणाची सीमा येथे नांदेडच्या अंगात शिरलेली दिसते. याला ‘बल्ज’ हा शब्द चपखल बसतो. त्याच्या आत मराठी बोलणारी घरे आजही आहेत, आणि तेथील मुलाला घरी मराठी, कचेरीत तेलुगू व पुस्तकात इंग्रजी अशा तीन भाषांशी व्यवहार करावा लागतो.

याच मुलखात ‘फुगवटा’ या शब्दाचा दुसरा अर्थ रोजच्या बोलण्यात आहे. धरणाने अडविलेले पाणी मागे पसरते, त्यास मराठीत फुगवटा म्हणतात. पोचमपाडच्या श्रीरामसागर धरणाची पायाभरणी पंडित नेहरूंच्या हस्ते १९६३ साली झाली. त्याचे पाणी बासरपर्यंत आणि पुढे महाराष्ट्राच्या हद्दीत येते. महाराष्ट्राने धर्माबादजवळ बाभळी येथे बंधारा बांधला, तेव्हा तो आपल्या फुगवट्यातच उभा आहे, अशी आंध्र प्रदेशाची तक्रार होती. सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निकाल दिला: बंधाऱ्यात २.७४ टीएमसी, म्हणजे २७४ कोटी घनफूट, पाणी साठविता येईल. परंतु १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवावयाचे आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडावयाचे.

दोन राज्यांच्या शेतकऱ्यांचे पाणी ज्या शब्दावर तोलले गेले, त्या ‘फुगवट्या’ला इंग्रजीत ‘बॅकवॉटर’ किंवा ‘पाँडेज’ म्हणतात. मुधोळच्या विद्यार्थ्याने सीमेविषयी लिहिताना ‘बल्ज’ खुशाल वापरावा. गोदावरीच्या त्या पाण्याविषयी लिहिताना मात्र तो खोडून ‘बॅकवॉटर’ लिहावे.