कुलूपबंद ई-पुस्तकं आणि गावचं वाचनालय
(शहापूर येथील व्याख्यानाचा संपादित भाग)



शहापूर-मुरबाडच्या वाचकाला ई-पुस्तकाची गरज शहरातल्यापेक्षा जास्त आहे. मुरबाडला रेल्वे नाही. डोळखांबच्या किंवा टोकावड्याच्या वाचकाला नवं पुस्तक चाळून घ्यायचं तर बहुतेकदा कल्याण-ठाणे गाठावं लागतं. बुकगंगासारखी मराठी दुकानं ई-पुस्तकं विकू लागली, डिसेंबर २०१६मध्ये किंडलवर मराठी आली, आणि हे अंतर मिटलं. ही सोय मला मोलाची वाटते, म्हणूनच तिच्यातली मेख सांगायला उभा आहे.

आपण पैसे भरतो ते बहुतेक वेळा वाचायच्या परवानगीचे. फाइलला कुलूप असतं आणि किल्ली दुकानदाराकडे. २००९ साली अ‍ॅमेझॉननं जॉर्ज ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्यांच्या विकलेल्या प्रती ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून टाकल्या. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, पण ग्राहकाला कुणी विचारलं नाही. २०१९मध्ये मायक्रोसॉफ्टनं ई-पुस्तकांचं दुकानच बंद केलं. पैसे परत मिळाले, पुस्तकं गेली. फेब्रुवारी २०२५मध्ये अ‍ॅमेझॉननं विकत घेतलेली किंडल-पुस्तकं संगणकावर उतरवून घ्यायची सोयही काढून टाकली.

आपल्याकडे तर दुकान बंद पडायलाही नको. खातं मोबाइल नंबरवर उघडलेलं असतं. रिचार्ज राहून गेला, नंबर बंद पडला, पुढे तो दुसऱ्या कुणाला मिळाला. नवा फोन घेतला की अ‍ॅप ओटीपी मागतं, आणि तो जातो परक्याच्या फोनवर. स्पर्धा परीक्षेला बसलेल्या मुलीची पुस्तकं ऐन परीक्षेच्या तोंडावर अशी अडकून पडू शकतात.

मग कुलूप तोडावं का? कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५अ आलं. हक्कभंगाच्या हेतूनं कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण त्याच दुरुस्तीनं वाचनालयांना एक हक्कही दिला आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. कलम ५२ म्हणतं, नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी पुस्तकाची डिजिटल प्रत ठेवता येते. अट एवढीच, की त्याची कागदी प्रत ग्रंथालयाकडे आधीच असली पाहिजे.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. नुसत्या ई-पुस्तकांवर विसंबलेल्या वाचनालयाला या हक्काचा उपयोग नाही. कपाटात छापील प्रत असेल, तरच कायदा तुमच्या बाजूनं उभा राहतो.

तेव्हा माझं मागणं असं. वाचकांनी खातं उघडताना नंबराबरोबर ईमेलही जोडावा आणि दोन्ही वहीत लिहून ठेवावेत. कुलूप नसलेली फाइल मिळत असेल तर तीच घ्यावी. साने गुरुजींचं लेखन २०११पासून हक्कमुक्त आहे. अशा पुस्तकांच्या खुल्या फाइली वाचनालयानं उतरवून दोन ठिकाणी ठेवाव्यात. आणि खरेदीची यादी करताना, जी पुस्तकं पुढच्या पिढीला लागणारच आहेत, ती आधी छापील घ्यावीत. अनुदान तुटपुंजं आहे, हे मला ठाऊक आहे. तरीही हा खर्च टाळू नका. दुकानं येतील-जातील, तालुक्याची पुस्तकं तालुक्याच्याच ताब्यात राहिली पाहिजेत.