शबनम पिशवीत मावेल असा, पण वायर लागेल असा

कवीनं लॅपटॉप कसा निवडावा यावर बोलावं, म्हणजे सुतारानं सोनं पारखायला बसावं तसंच. मी बी. ए. झालो, तोही मराठी घेऊन. पण या एका खरेदीसाठी मी किनवटहून नांदेडला तीन खेपा केल्या, दुकानदारांना भंडावून सोडलं. जे कळलं ते सांगतो.

माझ्या अटी दोनच. पहिली, वजन कमी हवं. कविसंमेलनाला जाताना मी अजूनही शबनम पिशवीच वापरतो आणि नंदीग्राम एक्स्प्रेसमध्ये टेकायला जागा मिळेपर्यंत ती खांद्यावर असते. पन्नाशीनंतर खांदा पावशेराचाही हिशेब मागतो. दुसरी अट, इंटरनेटची वायर थेट लावता यावी. ही ऐकली की दुकानातला पोरगा हसायचा. "चाचा, आता वायर कोण लावतंय? सगळं वायफायवर चालतं."

आमच्या घरी नाही चालत. घर आजोबांच्या वेळचं, भिंती दगडमातीच्या, दीड हात जाड. फायबरचं कनेक्शन आलं ते पुढच्या बैठकीत, मी लिहितो मागच्या खोलीत. मध्ये दोन भिंती. वायफायच्या लहरी भिंतीत थकतात. त्यातही पाच गिगाहर्ट्झच्या, ज्या वेगवान म्हणून विकल्या जातात, त्या लवकर थकतात. ग्रामपंचायतींपर्यंत असे तंतू नेण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली, पुढे तिचं नाव भारतनेट झालं. देशभर तंतू पसरले, पण माझं अडलं शेवटच्या तीस फुटांवर.

अडलं म्हणजे काय, ते सांगतो. २०२१ च्या एप्रिलात माझी थोरली बहीण, आमची आपा, हैदराबादला दवाखान्यात होती. जाणं शक्य नव्हतं. भाच्यानं कुणाच्या तरी हातापाया पडून व्हिडिओ कॉल जोडून दिला. बैठकीत माणसं होती म्हणून मी मागच्या खोलीत येऊन बसलो. आपा माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबू, वो अम्मी का..." आणि चित्र थिजलं. पुन्हा कॉल लागला तेव्हा ती झोपली होती. तिसऱ्या दिवशी ती गेली.

अम्मीचं काय? पानदान? शेताचा कागद? की नुसतीच एखादी आठवण? कॉल माझ्या भिंतीनं तोडला की तिकडून तुटला, कोण सांगणार. कदाचित भिंत निर्दोषही असेल. पण बैठकीतून उठून मागे मी आलो होतो, तेवढं मात्र विसरता येत नाही.

तर वायर. तिच्या पोटात तांब्याच्या आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या, प्रत्येक जोडीला पीळ दिलेला. सुंभ जळतो पण पीळ जात नाही, असं आपण नावं ठेवताना म्हणतो; इथं पीळच कामाचा. बाहेरची खरखर जोडीतल्या दोन्ही तारांत जवळजवळ सारखीच शिरते आणि पलीकडच्या टोकाला ती वजा होते. वायफाय म्हणजे गल्लीतला सार्वजनिक नळ, प्रत्येकानं आपला नंबर येईपर्यंत थांबायचं. वायर म्हणजे घरात घेतलेली स्वतःची तोटी. शंभर मीटरपर्यंत ती बिनतक्रार चालते. मला बारा मीटर पुरली, सागवानी तुळईला खिळे मारून ओढून घेतली.

वायर आली, पण ती खुपसायला नव्या लॅपटॉपला भोकच नाही! याची गोष्ट मजेची आहे. २००८ च्या जानेवारीत अॅपलच्या स्टीव्ह जॉब्ज यांनी भर सभेत कागदी लिफाफ्यातून लॅपटॉप काढून दाखवला. वजन १.३६ किलो. टाळ्या पडल्या. त्याला वायरीचं भोक नव्हतं. हवं तर वेगळा जोड विकत घ्या. पुढे बऱ्याच कंपन्या पातळपणाच्याच मागे लागल्या. पण त्याच्या आदल्याच वर्षी, २००७ मध्ये, असूसचा 'ई पीसी' आला होता. सात इंची पडदा, वजन किलोच्या आत, आणि वायरीचं भोक शाबूत! म्हणजे हलकेपणाचं आणि वायरीचं वैर नाही. वैर आहे ते पातळपणाशी. त्या चौकोनी भोकाला उंची लागते आणि कडा सुरीसारखी केली की ते मावत नाही. माझ्या खांद्याला जाडीचं काय? त्याला वजन कळतं. ही गोष्ट मला दुसऱ्या खेपेला उमगली आणि शोध निम्म्यावर आला.

वजनाचीही एक गंमत. डब्यावर छापतात ते नुसत्या यंत्राचं, चार्जर सोडून. मी दुकानदाराची परवानगी काढून शेजारच्या किराणावाल्याच्या काट्यावर दोन्ही ठेवलं. छापलेलं १.४, काट्यावर १.८. किराणावाला म्हणाला, "एवढ्यात तूरडाळ घ्या, महिनाभर पुरेल."

अगदी पातळच हवा असेल, तर यूएसबीला लावायचा जोड मिळतो, त्याला डोंगल म्हणतात. वाईट नाही. पण घेताना दोन गोष्टी बघा. यूएसबी ३ चा घ्या, जुन्या यूएसबी २ चा पूर्ण गिगाबिटचा वेग देऊ शकत नाही. आणि लॅपटॉपला टाइप-सीचं एकच तोंड असेल, तर चार्जर लावू की वायर, असं भांडण लागतं. शिवाय ती वस्तू आगपेटीएवढी. आमच्या घरात एवढी वस्तू आठवडाभर टिकत नाही, नातू समर्थ आहे.

मी घेतला तो दीड किलोचा. त्याच्या कडेला बिजागरीची छोटी झडप आहे. वायर लावताना ती खाली उघडते, मगर जबडा उघडते तशी, आणि काम झालं की मिटते. झडप नाजूक असते, पोरांपासून जपावी लागते. तिसऱ्या खेपेला मी घरून वायरीचा तुकडा पिशवीत घालून नेला होता. दुकानातच वायफाय बंद करायला लावलं, त्यांच्या राउटरला वायर जोडून पंधरा मिनिटं व्हिडिओ पाहिला, मगच पैसे मोजले. हे करायला लाजू नका.

एक सावधगिरी. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही, तांब्यातून वाहते. आमच्याकडे मृगात विजा फार. आभाळ भरलं की वायर आणि चार्जर दोन्ही काढून ठेवायचे.

परवा संध्याकाळी भाच्याशी पाऊण तास बोललो. त्याच्या आईच्या त्या अर्ध्या वाक्याचं त्यालाही ठाऊक नाही. पानदान तिच्याकडे कधी नव्हतंच, म्हणाला. मग इकडचं तिकडचं बोलत राहिलो. मध्येच तो म्हणाला, "मामू, आज आवाज एकदम साफ आरी." तेवढ्यात पैनगंगेच्या बाजूनं लखकन चमकलं. "ठहर बेटा," मी म्हटलं, "वायर काढून ठेवतो, मग फोनवरून लावतो."