तान्ह्या बाळाचे टपोरे डोळे



जीवांची गणना इंद्रियांवरून करणाऱ्या जैन दर्शनात चक्षू हे चौथे इंद्रिय. म्हणूनच समाजाच्या सेवाकार्यात नेत्रशिबिरांना मानाचे स्थान लाभले. शिबिर म्हटले की मोतीबिंदूसाठी आलेल्या आजी-आजोबांची रांग आठवते. त्याच आजीच्या कडेवर पुष्कळदा नातू असतो. त्याच्या डोळ्यांकडे कोणी पाहिलेच, तर कौतुकाने: ‘काय टपोरे डोळे आहेत!’

टपोरे डोळे हे दरवेळी सौंदर्याचे लक्षण नसते. डोळ्यात सतत पाझरणारा द्रव बुबुळाच्या कडेच्या सूक्ष्म जाळीतून वाहून जातो. काही बालकांत ही जाळी गर्भातच नीट घडत नाही. द्रव तुंबतो, दाब वाढतो आणि कोवळे आवरण ताणून डोळाच मोठा होतो. हा जन्मजात काचबिंदू. नवजात बाळाच्या डोळ्यावरील पारदर्शक पटलाचा व्यास सुमारे १० मिलिमीटर असतो. पहिल्या वर्षातच तो १२ च्या पुढे गेला तर शंका घ्यावी.

कधी मूळ दोष निराळा असतो. काही बालकांत बुबुळाचा रंगीत पडदा जवळजवळ नसतोच. काहींच्या कपाळावर व पापणीवर जन्मतः जांभळट डाग असतो. तो ‘ग्रहणाचा’ म्हणून सोडून दिला जातो.

विकार विरळा खरा, परंतु तत्कालीन अविभाजित आंध्र प्रदेशात सुमारे ३,३०० जन्मांमागे एक असे त्याचे प्रमाण आढळले. जवळच्या नात्यातील विवाह हे त्याचे एक कारण. मामेबहिणीशी सोयरीक महाराष्ट्रालाही अपरिचित नाही.

असे बाळ उजेडात नेताच आईच्या पदरात तोंड लपवते, डोळे गळतात, बुबुळ धुरकट दिसते. नागपूरच्या वैशाखात थोरांचेही डोळे मिटतात. त्यामुळे ही खूण इकडे सहज निसटते. अश्रुनलिका बंद असेल, असे समजून मालिश करण्यातही महिने जातात. आणि येथे महिनेच मोलाचे आहेत! पिकलेला मोतीबिंदू काढून भिंग बसवता येते. काचबिंदूने नष्ट झालेली दृष्टिनाडी परत येत नाही. थेंबांचा उपयोग मर्यादित, मुख्य उपचार शस्त्रक्रियाच. ऑटो बार्कन यांनी १९४० च्या सुमारास ती जाळी उघडण्याची शस्त्रक्रिया या बालकांसाठी रूढ केली.

तान्ह्या बाळाची पूर्ण तपासणी बहुधा भूल देऊनच करावी लागते; ते शिबिराच्या मांडवातले काम नव्हे. नागपुरात मेडिकल व मेयो या दोन्ही शासकीय रुग्णालयांत नेत्रविभाग आहेत. शिबिरात आजीचे नाव नोंदवताना कडेवरच्या बाळाच्या डोळ्यांवरही विजेरीचा उजेड टाकावा आणि शंका येताच त्याच दिवशी चिठ्ठी देऊन पाठवावे. पुढे त्या घरी भावंड जन्मले, तर त्याचेही डोळे पहिल्या आठवड्यातच दाखवावेत.