आठवड्याचा हिशेब कुठे निसटतो?

घाटकोपर असो की बोरिवली, अनेक घरांत किराणा महिन्याचा भरला जातो. भाजी, फळं, अंडी, मासळी मात्र येता-जाता, स्टेशनबाहेरून घेतली जाते. म्हणून खर्च विचारला, तर तांदळाचा आकडा चटकन सांगता येतो, कोथिंबिरीचा नाही. सरकारी खर्च-पाहणीतही धान्याची चौकशी मागच्या 30 दिवसांची होते. भाजी, मासळी आणि बाहेरच्या खाण्याची मागच्या 7 दिवसांची.

2023-24 च्या पाहणीत देशातल्या शहरांत दरडोई मासिक खर्च सुमारे 7,000 रुपये निघाला. त्यातले जवळपास 40 टक्के अन्नावर. म्हणजे चौघांच्या घराला आठवड्याला साधारण 2,600 रुपये. ही देशभरातल्या लहानमोठ्या शहरांची सरासरी. अंधेरीत ती अपुरी वाटेल.

याच पाहणीत शहरी अन्नखर्चातला सर्वांत मोठा वाटा भाजीचा नाही, दुधाचाही नाही. तो आहे चहापाणी, हॉटेलातलं आणि पाकीटबंद खाणं यांचा. एकेकाळी काळजी वेगळी होती. 1972 मध्ये महागाईविरुद्ध अहिल्या रांगणेकर आणि गोरेगावच्या मृणाल गोरे यांच्यासोबत बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्या तेल, साखर, धान्य यांच्या भावासाठी. आज त्यांच्या लेकीसुना पहाटे डबे करून लोकल पकडतात. संध्याकाळी त्यांनी तयार इडलीचं पीठ विकत घेतलं, तर त्याला उधळपट्टी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

तरीही येत्या सोमवारपासून सात दिवस प्रत्येक खरेदी लिहून पाहा, घरातल्या प्रत्येकाची. फलाटावरचा चहा-वडापाव आणि मोबाइलवरून मागवलेलं जेवणही त्यात धरा.