आठवड्याची शिडी कीं रहाट?

पुणें जिल्ह्याच्या आंबेगांव तालुक्यांत, घोडेगांवाहून भीमाशंकराकडे जाणाऱ्या वाटेवर शिनोली हें गांव लागतें. तालुक्याचें ठाणें घोडेगांव. ज्या आंबेगांवावरून तालुक्यास नांव पडलें, तें मूळ गांव डिंभे धरणाच्या जलाशयांत गेलें. पश्चिमेस सह्याद्रीच्या अंगाला महादेव कोळी व ठाकर समाजाची वस्ती आहे. अशा मुलुखांत पहिलीच्या मुलाचा शाळेंतील एक आठवडा कसा जावा, हा प्रश्न वरवर लहान दिसतो. परंतु मूल शाळेंत रमणार कीं शाळेस मुकणार, याचा निकाल पुष्कळदां अशा आठवड्यांतच लागतो.

शाळा जूनच्या मध्यास उघडते, आणि पाठोपाठ पाऊस व भातलावणी येते. आईबाप खाचरांत राबतात. सहा वर्षांचें मूल धाकट्या भावंडाजवळ दोन दिवस घरीं राहतें. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें पहिली ते पांचवीसाठीं वर्षाचे किमान २०० दिवस व ८०० तास ठरविले. म्हणजे सरासरीनें दिवसाला चार तास. हा हिशेब शाळेचा झाला. मंगळवार व बुधवार चुकलेलें मूल गुरुवारीं दारांत येतें, तेव्हां त्याच्यासाठीं वर्गांत काय उरलेलें असतें?

रोज एक नवें अक्षर, अशी शिडी लावली तर दोन पायऱ्या निसटलेलें मूल खालींच राहतें, आणि त्याच्या मौनास लोक मंदपणा म्हणतात. साठ मुलांपर्यंतच्या शाळेस कायदा दोन शिक्षक देतो. दोन-तीन इयत्ता एकाच्याच हातीं. मागें पडलेल्यास निराळें शिकविण्यास त्यानें वेळ कोठून आणावा? म्हणून आठवड्याची रचनाच रहाटगाडग्यासारखी असावी. एका फेऱ्यांत रिकामें राहिलेलें गाडगें दुसऱ्या फेऱ्यांत भरतें.

सोमवारीं ‘भात’ हा ओळखीचा शब्द घ्यावा. घरीं काय काय शिजतें तें मुलांनीं आपल्या बोलींत सांगावें. मंगळवारीं त्यांतील ‘त’ पाटीवर यावा. बुधवारीं वाळलेले हिरडे पांचपर्यंत मोजावे. या डोंगराळ भागांत हिरडा सर्वांच्या परिचयाचा. गुरुवारीं ‘हात’, ‘वात’, ‘दात’ हीं ‘भाता’चीं भावंडें शोधावीं, मंगळवारचा ‘त’ तेथें पुन्हां भेटतो. शुक्रवारीं हिरडे परत यावे. मोजून झाल्यावर पांचांतून दोन काढावे. शनिवारीं सकाळच्या शाळेंत नवें कांहींच नसावें; ज्यास जें आलें, तें त्यानें शेजाऱ्यास दाखवावें. हुशार मुलाचा यांत तोटा होत नाहीं. दुसऱ्यास समजावतांना त्याचें ज्ञान पक्कें होतें.

गुरुवारीं आलेल्या मुलास गुरुजींनीं “कां रे, कुठें होतास?” असें दरडावण्यापेक्षां “बाळ, तुमची लावणी कुठवर आली?” असें विचारावें. या प्रश्नाचें उत्तर त्याला ठाऊक असतें. तें एकदां बोलूं लागलें, कीं ‘हात’ हा शब्दहि त्याच्या ओठीं येतो.

जीवनाकडे पाहून शाळा बेतण्याची ही दृष्टि महाराष्ट्रास नवी नाहीं. १९४५ सालीं ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाचें कार्य आरंभिलें. १९५७ मध्यें तें कोसबाडच्या टेकडीवर गेलें. मुलें शाळेंत येईनात, तेव्हां शाळाच त्यांच्या अंगणांत गेली. गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं ती कुरणांत भरली.

शहरांतील घरीं भातलावणी नसते. परंतु ताप, लग्नकार्य व प्रवास तेथेंहि असतात, आणि चार दिवसांनीं परतलेलें मूल तेथेंहि गोंधळतें. संध्याकाळीं त्याला “आज किती अक्षरें झालीं?” असें विचारण्याची रीत आहे. त्याऐवजीं “मागें शिकलेलें आज पुन्हां कुठें भेटलें?” असें आईवडिलांनीं विचारून पाहावें. मुलास उत्तर सांपडलें, तर आठवडा नीट चालला आहे असें खुशाल समजावें.