धनकोंची यादी आणि नादाराचा हक्क

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



१८७५ च्या मे महिन्याच्या १२ तारखेस, पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्यात सुपे येथे, शेतकरी सावकारांच्या दारी जमले. त्यांनी वह्या आणि कर्जरोखे मागितले आणि हाती आले ते जाळले. पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील गावोगाव हे लोण पसरले. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकण्याची प्रथा त्या कायद्याने त्याच्यापुरती बंद केली. रोख्यावर लिहिलेला आकडा निमूट न स्वीकारता मूळ व्यवहाराचा हिशेब तपासण्याचे काम त्याने न्यायालयावर सोपविले आणि शेतकऱ्याच्या नादारीसाठीही तरतूद केली. कर्जाचा कागद कोणाच्या हाती आहे आणि त्यावरचा आकडा खरा की खोटा, हा प्रश्न तेव्हापासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात उभा आहे.

आज कर्जात बुडालेला माणूस केवळ शेतकरी नाही. गिरणी बंद पडल्यावर रिक्षा घेतलेला कामगार, इस्पितळाच्या बिलापायी तीन ठिकाणी हात पसरलेला कारकून, बचतगटाच्या आणि लघुवित्त कंपन्यांच्या हप्त्यांत अडकलेली घरकामगार स्त्री, हे सारे त्याच वाटेवर आहेत. यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते की, प्रामाणिकपणे कर्ज फेडू न शकणाऱ्या माणसासाठी कायद्याने एक दार ठेवले आहे. ते दार म्हणजे नादारीचा अर्ज. ज्यांना ठाऊक असते, त्यांतील पुष्कळ जण एका पायरीवर अडखळतात: ज्यांचे देणे आहे त्या सर्वांची नावे लिहून देणे आणि त्यांना तशी सूचना जाऊ देणे.

मुंबई शहरासाठी १९०९ चा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी १९२० चा नादारी कायदा आहे. २०१६ साली संसदेने दिवाळखोरीची नवी संहिता केली. परंतु तिच्यातील व्यक्तींविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो कंपन्यांच्या कर्जास वैयक्तिक जामीन राहिलेल्यांपुरता. सामान्य माणसाला जुन्या कायद्यांकडेच पाहावे लागले. १९२० च्या कायद्यानुसार ज्याचे देणे निदान पाचशे रुपये आहे, किंवा जो पैशाच्या हुकूमनाम्यापायी अटकेत आहे, किंवा ज्याच्या मालमत्तेवर जप्तीचा हुकूम आहे, अशा फेड करण्यास असमर्थ माणसाला अर्ज करता येतो.

या अर्जात काय असावे हे कायद्याच्या तेराव्या कलमात सांगितले आहे. प्रत्येक देण्याची रक्कम व तपशील हवा. धनकोंची नावे व राहण्याची ठिकाणे हवीत; जी ठाऊक आहेत ती, आणि वाजवी काळजी घेतल्यास जी शोधून काढता येतील तीही. त्याबरोबर स्वतःच्या मालमत्तेची यादी, तिची किंमत आणि ती कोठे आहे हेही सांगावे लागते. जप्तीस पात्र नसलेल्या वस्तू वगळून बाकीची मालमत्ता न्यायालयाच्या हवाली करण्याची तयारी दर्शवावी लागते. हे वगळणे क्षुल्लक नाही. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्मरूढीप्रमाणे स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने, कारागिराची हत्यारे आणि शेतकऱ्याची अवजारे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या साठाव्या कलमाने जप्तीपासून वाचविली आहेत. घरातली पातेली जातील या भीतीने अर्ज न करणाऱ्या कुटुंबाला ही गोष्ट कोणीतरी सांगितली पाहिजे.

अर्ज दाखल करून घेतल्यावर न्यायालय सुनावणीची तारीख नेमते आणि धनकोंना नोटीस काढते. पुढे नादारीचा हुकूम झाला म्हणजे त्याची प्रसिद्धी राजपत्रातही होते. माणसाला येथेच लाज वाटते. गावात नाव होईल, मुलीच्या लग्नात अडचण येईल, दुकानदार उधार देणार नाही, असे त्याच्या मनात येते. ही भीती खोटी नाही आणि तिची थट्टा करण्याचा अधिकार कोणाही कार्यकर्त्याला नाही. परंतु नोटीस कशासाठी असते हे समजले, तर तिच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

नादारीपूर्वी प्रत्येक धनको एकटा असतो आणि जो अधिक दांडगा तो आधी वसूल करतो. वसुलीची माणसे दारात बसवणारा सावकार सर्वांआधी पैसे नेतो. ज्या विधवा बहिणीने आपली ठेव मोडून भावाला पैसे दिले, तिला काहीच मिळत नाही. नादारीचा हुकूम झाला की मालमत्ता न्यायालयाच्या किंवा त्याने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते. त्यानंतर सामान्य धनकोला न्यायालयाच्या परवानगीवाचून स्वतंत्र दावा लावता येत नाही किंवा त्या मालमत्तेवर हात टाकता येत नाही. सर्वांनी आपापले येणे सिद्ध करावयाचे आणि जे असेल ते, कायद्याने अग्रक्रम दिलेली देणी भागवून, हिस्सेरशीने वाटून घ्यावयाचे. ही वाटणी न्याय्य व्हावी तर वाटेकऱ्यांना बोलावणे धाडले पाहिजे. नोटीस म्हणजे ते बोलावणे. ज्याला ते पोहोचत नाही, त्याचा वाटा बुडतो.

म्हणूनच यादीतून नाव गाळण्याचे जे तीन मोह असतात, ते नीट ओळखले पाहिजेत.

पहिला मोह मायेचा. बहिणीचे, मेव्हण्याचे, शेजाऱ्याचे नाव कोर्टात कशाला न्यायचे, असे ऋणकोला वाटते. पुष्कळदा तो अर्जापूर्वी घाईघाईने त्यांचे देणे गुपचूप भागवून टाकतो. हेतू चांगला असला तरी परिणाम वाईट होतो. एका धनकोला इतरांपेक्षा झुकते माप देण्यासाठी अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत केलेली फेड रिसीव्हरच्या मागणीवरून रद्द होऊ शकते. मग त्याच बहिणीला घेतलेले पैसे परत करण्याची वेळ येते. तिचे नाव यादीत असते, तर तिला सन्मानाने तिचा हिस्सा मिळाला असता. नाव लिहिण्यात नात्याचा अपमान नाही. तिचे पैसे खरे होते याची ती नोंद आहे.

दुसरा मोह भीतीचा. विनापरवाना सावकाराचे नाव लिहिले तर तो घरी येईल, किंवा लिहिल्याने त्याचा फुगवलेला आकडा कबूल केल्यासारखे होईल, असे वाटते. यादीत नाव लिहिणे म्हणजे रक्कम मान्य करणे नव्हे. देण्याबद्दल वाद आहे हे तेथेच नमूद करता येते, आणि येणे सिद्ध करण्याचा भार धनकोवरच असतो. महाराष्ट्राच्या सावकारी नियमनाच्या २०१४ च्या कायद्याने परवान्यावाचून सावकारी करणे हा गुन्हा ठरविला आहे. जो आपला धंदा उजेडात आणू शकत नाही, त्याला न्यायालयाची नोटीस जाणे ही त्याच्या दृष्टीने मोठी अडचण असते. अंधारातला व्यवहार उजेडात आला की दहशत अर्धी सरते. परंतु अशा वेळी त्या कुटुंबाला एकटे सोडू नये. नोटीस पोहोचेल त्या दिवसांत कार्यकर्त्याने त्यांच्या घरी असावे.

तिसरा मोह हिशेबाचा. पुढे गरज पडेल म्हणून किराणा दुकानदाराचे किंवा पतसंस्थेचे नाव बाहेर ठेवावे, असे सुचवणारे सल्लागारही भेटतात. हा सल्ला घातक आहे. एखाद्या धनकोला झुकते माप मिळावे म्हणून कपटाने कागद दडवणे किंवा खोट्या नोंदी करणे हा कायद्याने गुन्हा आहे आणि त्यास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. त्याहून मोठे नुकसान असे की, ज्याच्या प्रामाणिकपणावर सारा अर्ज उभा असतो, त्याचाच शब्द न्यायालयात हलका पडतो.

पतसंस्थेच्या संदर्भात आणखी एका माणसाची आठवण ठेवली पाहिजे. तो जामीनदार. कारखान्यात शेजारच्या यंत्रावर काम करणाऱ्याने मैत्रीखातर सही केलेली असते. ऋणकोची नादारीतून मुक्तता झाली तरी जामीनदार सुटत नाही. कायद्याने हे स्पष्ट म्हटले आहे. पगारातून कपात सुरू झाल्यावर त्याला ही गोष्ट कळावी, यासारखा विश्वासघात नाही. अर्ज करण्यापूर्वी त्याला घरी बोलावून सर्व परिस्थिती सांगणे हे कायद्याच्या नोटिशीहून आधीचे कर्तव्य आहे.

नोटिशीने सर्वच देणी सुटतात असा समजही पसरू देऊ नये. गहाण घेतलेल्या धनकोचा गहाणावरील हक्क कायम राहतो. सरकारचे देणे, फसवणुकीने केलेले देणे आणि न्यायालयाने ठरविलेली पोटगी यांतून मुक्तता मिळत नाही. शिवाय नादारीचा हुकूम हा शेवट नसतो. त्या हुकुमात मुक्ततेचा अर्ज करण्याची मुदत घातलेली असते; ती चुकली तर हुकूम रद्द होतो आणि धनको पुन्हा मोकळे होतात. मुक्तता होईपर्यंत, आपण नादार आहोत हे न सांगता पन्नास रुपये किंवा अधिक उधार घेणे हासुद्धा गुन्हा आहे. सूचना देण्याचे कर्तव्य अर्जाच्या दिवशी संपत नाही ते असे.

आता या कायद्याचे दोषही सांगितले पाहिजेत. पाचशे आणि पन्नास रुपयांचे आकडे १९२० सालचे आहेत. मालमत्तेतून रुपयास आठ आणे तरी धनकोंना मिळाले नाहीत, तर ते आपल्या दोषाने नव्हे हे ऋणकोला पटवून द्यावे लागते. एरवी पूर्ण मुक्तता नाकारली जाते. २०१६ च्या संहितेत गरिबांसाठी ‘नवा प्रारंभ’ नावाचे प्रकरण घातले गेले. त्यात धनकोंना आदेशाची प्रत पाठवावयाची आणि त्यांनी दहा दिवसांत आक्षेप घ्यावयाचा, अशी सुटसुटीत रीत आहे. परंतु पात्रतेसाठी वार्षिक उत्पन्न साठ हजारांच्या, मालमत्ता वीस हजारांच्या आणि देणे पस्तीस हजारांच्या आत हवे, आणि स्वतःचे घर नसावे. महिना पाच हजारांहून अधिक मिळवणारा मजूर या व्याख्येत गरीब नाही! २०१९ च्या अधिसूचनेने तर हे प्रकरण वगळूनच बाकीचा भाग लागू केला. बड्या कंपन्यांच्या धनकोंसाठी न्यायाधिकरणे आधी उभी राहिली आणि झोपडीतल्या ऋणकोसाठीचे पान मिटलेले राहिले, हा अग्रक्रम राज्यकर्त्यांच्या वर्गदृष्टीचा पुरावा आहे.

१९८० साली सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निर्णय दिला की, केवळ दारिद्र्यामुळे देणे फेडता येत नाही म्हणून माणसाला तुरुंगात धाडणे घटनेच्या एकविसाव्या कलमाशी विसंगत आहे; फेडण्याची ऐपत असून अप्रामाणिकपणे टाळाटाळ केली हे दिसले पाहिजे. गरिबी आणि लबाडी यांतील हा भेद आहे. प्रामाणिक ऋणकोजवळ तो दाखविण्याचे उत्तम साधन म्हणजे त्याची संपूर्ण, खरी यादी.

तेव्हा प्रत्येक शाखेत हे काम करता येण्यासारखे आहे. कर्जात अडकलेल्या कुटुंबासमवेत एक संध्याकाळ बसावे. पासबुके, हप्त्यांची कार्डे, वसुली दाखले, समन्स, दुकानदाराची वही आणि तोंडी व्यवहारांची आठवण एकत्र करावी. प्रत्येक नावापुढे पत्ता, मूळ रक्कम, दिलेले पैसे आणि वाद असल्यास तो लिहावा. घरातील स्त्रीला आवर्जून विचारावे, कारण निम्मी देणी तिलाच ठाऊक असतात. मग जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाऊन वकिलाची मदत मागावी. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे नागरिक, औद्योगिक कामगार आणि ठरावीक मर्यादेखालील उत्पन्नाचे लोक यांना विधी सेवांच्या १९८७ च्या कायद्याने ती विनामूल्य मिळण्याचा हक्क आहे.

सुप्याच्या शेतकऱ्यांना वह्या जाळाव्या लागल्या, कारण त्या वह्यांत काय लिहिले आहे हे त्यांना वाचता येत नव्हते आणि विचारताही येत नव्हते. आजच्या ऋणकोला स्वतःची वही स्वतः लिहिता आली पाहिजे. ती लिहून सर्व धनकोंसमोर उघडी ठेवणारा माणूस दयेची याचना करीत नाही. तो कायद्यापुढे आपला हिशेब मांडतो आणि तितकाच खरा हिशेब समोरच्याकडून मागतो.